तेरा वर्षांचा सोलर: दिवाळीपर्यंत ढकलू की आत्ताच काढू?

वसाहतीतली_गच्ची

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत घर आहे, टेरेसवर २०१२ साली बसवलेला पाणी तापवायचा सोलर. टाकी २०० लिटरची, जाड काचेच्या २० नळ्या. घरात माणसं चार, त्यात आई ८२ वर्षांच्या. त्यांना पहाटे पाचला अंघोळ लागते आणि पाणी असं पाहिजे की बादलीत हात घातल्याबरोबर काढून घ्यावा. पावसाळ्याचे चार महिने गॅसवर पातेलं, बाकी वर्षभर हा सोलर, असं आमचं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

गेल्या थंडीपासून पाणी कोमट येतंय. आई म्हणतात, "पाण्याला नुसतं ऊन दाखवून आणलंय." मी वर जाऊन बघून आलो तर स्टँडखाली फरशीवर पांढरा ओघळ, ताटाएवढा, नखानं खरवडला तर निघत नाही. टाकीत विजेवर पाणी तापवायची एक कॉइल आहे, पण ती लावली की मेन बोर्डाचा ट्रिपर पडतो. म्हणून दोन वर्षं तिला हातच लावलेला नाही.

परवा एका ठिकाणाहून एक पोरगा बघायला आला. टाकीला हात लावला नाही, वाकून बघितलं नाही. मोबाइलवर दोन फोटो काढले आणि म्हणाला, "सगळं भंगारात घालायचं. ३८ हजारांत नवा." दहा मिनिटं पण थांबला नाही, चहा तसाच राहिला. पुण्यातला लेक म्हणतो सोलर काढून टाका, वीज तयार करणारी पॅनेलं बसवा, बाथरूमला गीझर लावा.

खर्चाला ना नाही. पण काय बिघडलंय तेच कळलं नसताना सगळं उपटून टाकायचं मनाला पटत नाही. दिवाळीला पाच आठवडे आहेत आणि पहिल्या अंघोळीला पाहुणे धरून अकरा माणसं. नवीन घ्यायच्या आधी मी काय काय तपासून बघू? टाकी गळत असेल तर उद्यमनगरात आर्गन वेल्डिंग करून मिळतं म्हणतात, ते टिकतं का? पाणी वापरायला बोअरचं, प्यायला कॉर्पोरेशनचं.

कोथरूडकर_७८

साहेब, तुमच्या चिरंजीवांचं बरोबर आहे. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ७ युनिट लागतात. १ किलोवॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे २ किलोवॉटमध्ये तुमचं अंघोळीचं पाणी निघतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार सबसिडी आहे, ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार. पाण्याच्या सोलरला यातला एक रुपया मिळत नाही, बरेच जण दोन्हीत गल्लत करतात. जागा मात्र मोजा. एका किलोवॉटला सावली नसलेली शंभरेक चौरस फूट लागते.

वसाहतीतली_गच्ची

साहेब नव्हे हो, ताई. कोल्हापूरच्या बायका "आलो-गेलो"च म्हणतात, आणि "आई" म्हणजे माझ्या सासूबाई. माहिती उपयोगाची दिलीत. पण आमच्या टेरेसवर पाण्याच्या दोन टाक्या, जिन्याची खोली आणि सासूबाईंचं पापड-कुरडयांचं राज्य. त्यातून सलग दोनशे फूट उन्हाची जागा काढायची म्हणजे घरात महाभारत.

जुनाफिटर_उद्यमनगर

ताई, ३८ हजार कुठं पळून जात न्हाईत, थांबा जरा. मी २००३ पासनं सोलर बसवतोय आणि उतरवतोय पण.

आधी मला हे सांगा, संध्याकाळी पाणी गरम असतंय काय? कोण बघतच नाही. सगळे पहाटे अंधारात नळ सोडतात आणि सोलरला शिव्या घालतात. संध्याकाळी सहाला गरमचा नळ सोडा, पहिली बादली ओतून द्या, ते पाइपातलं पाणी. मग थर्मामीटर घाला. रात्री कुणी गरम पाणी वापरू नका. पहाटे परत तसंच मापा. रात्रीत पाच-सात अंश उतरलं तर टाकी ठणठणीत. पंधरा-वीस उतरलं तर दोनच गोष्टी. टाकीच्या दोन पत्र्यांमधला पफ, म्हणजे ऊब धरून ठेवणारा फोम, भिजलाय, नाहीतर थंड पाणी कुठनं तरी घुसतंय.

घुसतंय का ते असं बघायचं. सोलरला जाणारा थंड पाण्याचा वॉल टेरेसवर पूर्ण बंद करा. खाली येऊन गरमचा नळ सोडा. गरम पाणी टाकीच्या वरच्या अंगानं निघतं, खालनं थंड पाणी ढकलायला नसलं की ते निघणार कसं? नळ जरा वाहून बंद पडला पाहिजे. पडला नाही, वाहतच राहिला, तर ते पाणी सोलरचं नव्हेच. घरात प्रेशर पंप बसवलाय काय? बसवला असेल तर निम्मं उत्तर मला आत्ताच कळलंय, पण तुम्ही बघून सांगा.

नळ्यांचं बघणं सोपं. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आतनं आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा लेप. चकाकतोय तोवर नळीतली पोकळी शाबूत. डाग दुधासारखा पांढरा पडला म्हणजे हवा शिरली, ती नळी उन्हात तापणार आणि तिथंच थंड होणार. भर उन्हात हात लावून बघा, चांगली नळी बाहेरनं गार लागते, मेलेली चटका देते. वीसात तीन-चार मेल्या असतील तर तेवढ्याच बदला, सुट्ट्या मिळतात.

गळती कुठनं आहे त्यावर सगळं अवलंबून. नळी जिथं टाकीत शिरते तिथं सिलिकॉनची रिंग असते, ती दहा-बारा वर्षांत कडक होते. तिथनं गळत असेल तर हसण्यावारी न्यायचं काम. पण टाकीच्या बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातनं, खालनं, तांबूस पाणी ठिबकत असेल तर आतली टाकी गेली. तुम्ही आर्गनचं विचारलंत. करून देतात, चांगलं करतात. पण त्याला बाहेरचा पत्रा कापा, पफ उपसा, वेल्डिंग झालं की परत पफ भरा. आणि बोअरच्या पाण्यानं स्टीलला एकदा जोडाजवळ भोक पाडलं की शेजारी दुसरं तयारच असतंय. मी स्वतःच्या भावाच्या टाकीला केलं होतं. सात महिने.

कॉइलच्या वायरी इलेक्ट्रिशियनकडनं सोडवून ठेवा. ट्रिपर पडतोय म्हणजे कॉइलमधनं करंट पाण्यात उतरतोय. ट्रिपर काढून डायरेक्ट जोडून देणारे महाभाग भेटतील, त्यांना जिन्यातनंच परत पाठवा.

एक राहिलं. नळ्या काढायचं, घालायचं काम पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर. उन्हात कोरड्या पडलेल्या नळीत थंड पाणी गेलं की ती फुटणारच.

वसाहतीतली_गच्ची

हे शेवटचं मला कुणी २०१९ ला सांगायला पाहिजे होतं. ऑगस्टच्या महापुरात शहराचे पंपच पाण्याखाली गेले होते, आठवत असेल. वीज पण नव्हती, त्यामुळं बोअर बंद. वरच्या टाक्या कोरड्या, सोलरचं पाणी पण खालनं काढून वापरलेलं. ऊन पडलं, वीज आली, मी हौसेनं दुपारी एक वाजता मोटर चालू केली. वर फटाक्यासारखा आवाज! एक, दोन, मग परत दोन. चार नळ्या. शेजारच्या काकांना वाटलं पूर ओसरल्याचा आनंद साजरा करतोय आम्ही.

प्रेशर पंप आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बसवला, लेकाला शॉवरची धार बारीक वाटत होती म्हणून. फक्त थंडच्या लाइनला आहे. त्याचा काय संबंध?

क्षार_आणि_बिर्हाड

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. ताई, फरशीवरचा तो पांढरा ओघळ म्हणजे चुना. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की ते कार्बोनेट होऊन खाली बसतं, किटलीत बसतं तसंच. त्या ओघळावर लिंबू पिळा, फसफसेल.

नळ्या काढल्याच तर आत बघा, बुडाशी पांढऱ्या कपच्या असतील. सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, लिटरला ५० ग्रॅम. नळी उभी धरून भरायची, तासभर ठेवायची, धुऊन टाकायची. तुमच्या जाड नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास मावतं. कृपा करून संडास साफ करायचं ॲसिड टाकीत ओतू नका. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पाडतं. आमच्या कॉलनीत एकानं तेच केलं आणि वर "टाकी कशी चकाचक झाली" म्हणून फोटो पाठवला होता.

जमलं तर सोलरला बोअर तोडून कॉर्पोरेशनचं पाणी जोडा. पंचगंगेचं काय, काळम्मावाडीचं काय, घाटाकडून येणारं पाणी, त्यात क्षार फार कमी.

शेणी_बंब_झिंदाबाद

एवढी चर्चा? माळ्यावर तांब्याचा बंब असेलच की! पाच शेणी, नारळाच्या चार करवंट्या, मक्याची बुरकुंडं, अर्ध्या तासात पाणी कढतंय. वरनं तांब्याभर थंड ओतायचं, खालनं तोटीतनं गरम काढायचं. ना नळी, ना ट्रिपर. अकरा माणसांची पहिली अंघोळ बंबावर झाली पाहिजे, उटण्याच्या वासात धुराचा वास मिसळला नाही तर ती कसली दिवाळी. फक्त बंद बाथरूमात पेटवू नका, परड्यात नाहीतर टेरेसवर. आणि भंगारवाल्यानं कितीही भाव सांगितला तरी देऊ नका, हे आमच्या वडिलांनी ऐकलं नाही.

वसाहतीतली_गच्ची

चार दिवस रोज वर-खाली केलं. धाकट्या लेकीच्या कॉलेजातला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला, आणि आईंनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं आकडे लिहून घेतले.

पहिला दिवस. संध्याकाळी सहाला ५३. पहाटे पाचला ३५. अठरा अंश! मी म्हटलं झालं, पफ भिजला, गेली टाकी.

दुसऱ्या दिवशी फिटरदादांची युक्ती केली. वरचा वॉल बंद करून मी टेरेसवरच थांबलो, धाकटीला खाली गरमचा नळ सोडायला सांगितलं. खाली पंप घूंऽऽ करून सुरू झाला आणि सोलरच्या डोक्यावरचा तो हवा जायचा वाकडा व्हेंट पाइप आहे ना, त्यातनं पिचकारी! माझ्या साडीवर, टाकीवर, तिथनं ओघळून स्टँडखाली. ज्या ओघळाला मी गळती समजत होतो त्याच्या बरोबर वर. खालनं धाकटी ओरडतेय, "आई, नळ थांबतच नाहीये आणि पाणी गार आहे!"

मग बाथरूमं धुंडाळली. वरच्या बाथरूमात मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे. हँडशॉवर नुसता त्याच्या खटक्यानं बंद केलेला. लेक सुट्टीला आला की तसंच करतो, आणि त्याचं बघून आम्ही सगळेच करायला लागलो होतो. पंपाचं थंड पाणी जोरानं येतंय, बाहेर पडायला वाट नाही, गरमची लाइन नुसत्या उंचीच्या दाबावर. म्हणजे वर्षभर आम्ही पंप लावून थंड पाणी उलटं सोलरमध्ये भरत होतो. बिलासकट.

तिसऱ्या दिवशी रात्री ते नॉब घट्ट बंद केले, पंपाचं बटण बंद केलं. संध्याकाळी ५२, पहाटे ४६. कॅलेंडरवर आईंनी त्या आकड्याभोवती गोल काढलाय.

नळ्या बघितल्या. तीन पांढऱ्या, सतरा चकचकीत. एक अडचण अजून आहे. व्हेंटचं पाणी थांबलं तरी टाकीच्या पश्चिमेकडच्या टोकाला, खालच्या सांध्यातनं, थेंब येतोच. खाली वाटी ठेवली. मिनिटाला चौदा थेंब, सकाळपर्यंत दोन पेले. आणि रंग... पातळ चहासारखा.

जुनाफिटर_उद्यमनगर

घ्या! पंपाचं मी उगाच विचारलं नव्हतं. आता मिक्सरच्या गरमच्या बाजूला नॉन रिटर्न वॉल, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा, घाला, दोन्ही बाथरूमला. आतला पडदा हलक्या दाबावर उघडणारा बघून घ्या, स्प्रिंग कडक असलेला घेतला तर सोलरचं पाणी पण अडेल. आणि व्हेंट पाइप पिचकारी मारतोय म्हणून बुच मारू नका, हे मुद्दाम सांगतोय. व्हेंट बंद झाला आणि खालनं पाणी ओढलं की आत पोकळी होते आणि टाकी डब्यासारखी चेपते. बघितलेली आहे.

चहाच्या रंगाचं मात्र चांगलं लक्षण नव्हे. ती टाकी गेली समजा. पण चौदा थेंबांवर दिवाळी सहज जाईल, बहुतेक पुढचा मे पण. फक्त वाटी काढू नका, आठवड्याला एकदा थेंब मोजा. एकदम वाढले की वॉल बंद. आणि पूर्ण सोलर घेऊ नका, नुसती टाकी घ्या. स्टँड आणि सतरा नळ्या चांगल्या आहेत. ऑर्डर द्यायच्या आधी दोन नळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर टेपनं मापा, मिलिमीटरमध्ये. कंपनी-कंपनीत ते बदलतं, पाच मिलिमीटर चुकलं तरी विसावी नळी बसत नाही.

कोथरूडकर_७८

ताई, आधीच्या "साहेब"बद्दल क्षमस्व. टाकी घेताना आत स्टीलच घ्यायची असं काही नाही. खाऱ्या पाण्याला काचेचा लेप दिलेली टाकी आणि आत मॅग्नेशियमची कांडी, असं विचारून बघा. ती कांडी स्टीलच्या ऐवजी स्वतः झिजते. दोन-तीन वर्षांनी उघडून बघायची, संपली असेल तर नवी.

वसाहतीतली_गच्ची

झालेलं सांगतो. दोन नॉन रिटर्न वॉल, तीन नळ्या, वीसही रिंगा नव्या, प्लंबरची मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या आत. नळ्या पहाटे साडेपाचला काढल्या. क्षारवाले सर, प्रत्येकीच्या बुडाशी ओंजळभर कपच्या होत्या, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारख्या. लिंबूसत्त्वानं तासाभरात गेल्या. रिंग बसवताना नळीच्या तोंडाला भांड्याच्या साबणाचं पाणी लावून गोल फिरवत घातली, ही त्या प्लंबरची पद्धत. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर चुन्याचा एवढा जाड थर की धाकटी म्हणाली, "हे काय, मुळा?" वायरी सोडवून टोकं बंद करून टाकली.

नळ्यांचं अंतर मापून ठेवलंय. "नुसती टाकी देत नाही, पूर्ण सेटच घ्या" असं दोन दुकानांत ऐकलं. तिसरा बनवून देतो म्हणाला, दिवाळीनंतर. लेकाला फोन केला, पॅनेलांचा विषय त्यानं काढला, मी शॉवरचा काढला. मग दोघांनी दिवाळीच्या तिकिटाचं बोललो.

कालची पहाट. आईंनी बादलीत हात घातला, काढला, आणि थंडचा नळ सोडायला सांगितला. बोलल्या काही नाहीत.

बंबवाले दादा, माळ्यावरनं बंब काढलाय. अकरा माणसं आणि आभाळ आलं तर, म्हणून. चिंचेनं घासला, चकचकीत झाला. पण तोटी गळते आणि खालची जाळी गंजून हातात आली. जाळी उद्यमनगरात कोणी पण करून देईल. तोटी बदलून देणारा तांबट कोल्हापुरात कुठं बसतो, कुणाला माहीत आहे का?